नग बघा, नाव नको

आमच्या वर्कशॉपात लातूरकडचा एक अग्निवीर आहे. परवा रात्री जेवण झाल्यावर मोबाइल घेऊन माझ्या चारपाईवर येऊन बसला. "उस्ताद, ही घेऊ का? ज्युपिटर-३ आहे, १९५६ ची, क्रास्नोगोर्स्कची. घ्यायची तर हीच घ्या म्हणतात."

किंमत बघितली. पोराच्या हातात महिन्याला जे पडतं त्यातला निम्म्याहून जास्त हिस्सा त्या मुठीएवढ्या डबीत जाणार होता. "म्हणतात म्हणजे कोण म्हणतात?" असं विचारल्यावर त्याने चार व्हिडिओ दाखवले. चौघांचंही म्हणणं एकच. क्रास्नोगोर्स्कची घ्या, पन्नासच्या दशकातली घ्या, नंतरची वल्दाईची नको, एफ १.५ वर पूर्ण उघडा आणि जादू बघा.

आजचं हे लिखाण त्या चौघांच्या विरोधात आहे. वाचणाऱ्यांत जुन्या कॅमेऱ्यांचे शौकीन असतील, त्यांना राग येईल. येऊ दे.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या सोव्हिएत रेंजफाइंडर लेन्समध्ये 'कोणती चांगली?' हा प्रश्नच चुकीचा आहे. साठ-सत्तर वर्षं वापरलेल्या, उघडलेल्या, पडलेल्या वस्तूला मॉडेल राहत नाही. तिथे प्रत्येक नग वेगळा. 'ज्युपिटर-३ कशी आहे?' याला उत्तर नाही. 'ही समोरची ज्युपिटर-३, माझ्या या बॉडीवर, एक मीटरवर कशी आहे?' याला आहे, आणि ते उत्तर व्हिडिओत मिळत नाही.

फौजी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. कोतमधून रायफल मिळाली की आपण आधी ती झिरो करतो. एकाच कारखान्यातल्या, पाठोपाठच्या नंबरच्या दोन रायफली असल्या तरी एक जरा उजवीकडे मारते, दुसरी जरा खाली. म्हणून तर बट नंबर झोपेतही पाठ असतो. रायफल कुठल्या साली बनली हे सांगून कुणी फायरिंगला उभा राहत नाही. मग लेन्सच्या बाबतीत सालावर पगार का उधळायचा?

आता या लेन्स आल्या कुठून ते थोडक्यात सांगतो, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. १९३४ साली खारकोवमध्ये, रस्त्यावरच्या अनाथ पोरांसाठी काढलेल्या एका श्रमवसाहतीत, जर्मन लायकाची नक्कल बनायला लागली. वसाहतीला फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्कीचं नाव होतं, त्याच्या आद्याक्षरांवरून कॅमेऱ्याचं नाव फेड. सुरुवातीच्या फेडमध्ये लेन्स त्या त्या बॉडीशी जुळवून बसवलेली असायची. एकाची काढून दुसऱ्याला लावली तर फोकस बरोबर येईलच याची खात्री नव्हती. म्हणजे 'नग बघा' हा नियम मी काढलेला नाही, तो पहिल्या दिवसापासून आहे.

युद्धानंतर, १९४८ पासून, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला झोर्की बनू लागला. कीवच्या आर्सेनल कारखान्यात जर्मनीतून युद्धभरपाई म्हणून आणलेल्या यंत्रसामग्रीवर कॉन्टॅक्सचा जुळा भाऊ बनला, त्याचं नाव कीव. लेन्सचंही तेच. लुडविग बेर्टेलेने त्झाइससाठी काढलेली सोनार इथे ज्युपिटर झाली. ५० मिमी एफ २ ची ज्युपिटर-८, एफ १.५ ची ज्युपिटर-३, ८५ मिमीची ज्युपिटर-९. त्याच बेर्टेलेची बायोगॉन ही ३५ मिमीची ज्युपिटर-१२. आणि इंडस्टार हे १९०२ च्या टेस्सारचं घराणं, चार काचांचं, साधं.

म्हणजे मूळ गणित अव्वल होतं. 'रशियन माल म्हणजे भंगार' म्हणणाऱ्यांनी एवढं तरी मान्य करावं. मी रोज ज्या रणगाड्यांच्या साइटी आणि दुर्बिणी दुरुस्त करतो त्यातल्या बऱ्याच त्याच देशाच्या घराण्यातल्या आहेत. निगा राखली की काम देतात, नाही राखली की दगा देतात. लेन्सचं वेगळं काही नाही.

दगा कुठे बसतो तेही बघा. या लेन्समध्ये काचांचा गोळा एका नळीत असतो आणि तो फोकसच्या नळकांड्यात बसतो. दोघांच्या मध्ये पातळ कड्या असतात, शिम म्हणतात त्यांना. काचा फिल्मपासून नेमक्या किती अंतरावर उभ्या राहणार हे त्या कड्या ठरवतात. सत्तर वर्षांत कुणीतरी बुरशी पुसायला, कुणी ग्रीस बदलायला, कुणी नुसतं कुतूहल म्हणून लेन्स उघडतो. जोडताना एक कडी टेबलाखाली जाते. बाहेरून लेन्स चकचकीत, साल तेच, कारखाना तोच. हिशोब करून बघा: ५० मिमीच्या लेन्समध्ये एक दशांश मिलिमीटरची चूक झाली तर एक मीटरवर फोकस सुमारे साडेतीन सेंटीमीटर सरकतो. आणि एफ १.५ वर एक मीटरला स्पष्ट दिसणारा पट्टा मुळात असतो तेवढाच, साडेतीन सेंटीमीटरच्या आत-बाहेर. एक कडी हरवली की सगळं गेलं.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

लडाखला असताना मीही त्याच नादात होतो. झोर्की-४ होता माझ्याकडे, त्याच्याबरोबर आलेली इंडस्टार-५० होती. एफ ३.५ ची, दिसायला अगदीच गरीब. मला ज्युपिटर-३ हवी होती. पैसे साठवून घेतली, पन्नासच्या दशकातलीच घेतली. काच स्वच्छ, साल बरोबर, विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं. एक रोल काढून बघितला, लांबचे डोंगर, ऊन, एफ ८. सुरेख आले. मी खूश.

दिवाळीला सुटी मिळाली. युनिटमध्ये कॅमेरा ट्रंकेत कुलपातच असतो आणि तिथे फोटो काढायचेही नसतात, त्यामुळे वर्षभराची हौस सुटीतच. आबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ओसरीवर बसवून, संध्याकाळच्या उजेडात, पूर्ण उघड्या छिद्रावर मी त्यांचे बावीस फोटो काढले. त्यांना फोटोची आवड नव्हती. "किती काढतोस रं, एकच चेहरा हाय," म्हणाले. तरी बसले, पोरगं लांबून आलंय म्हणून.

रोल पुण्याला धुवायला दिला आणि मी परत गेलो. माघात आबा गेले. स्कॅन त्याच्या आधी आले होते, पण तिथल्या नेटवर्कवर उघडत नव्हते. उघडले तेव्हा तेरावा होऊन गेला होता. बावीसच्या बावीस फोटोंत आबांच्या कानावरचे पांढरे केस एकेक मोजता येतात. डोळे धुक्यात आहेत.

नंतर कॅमेऱ्याचं मागचं झाकण काढलं, फिल्म बसते त्या जागी दुधी टेप ताणून लावली, शटर बी वर उघडं धरलं आणि भिंगातून बघितलं. पाव मिलिमीटरचा फरक. कुणीतरी लेन्स उघडली होती आणि कडी परत घातली नव्हती. एफ ८ वर डोंगर चांगले आले कारण लहान छिद्र तेवढी चूक झाकतं. मोठं छिद्र काही झाकत नाही. पत्र्याची कडी कापून घालायला मला एक संध्याकाळ लागली. आजही ती लेन्स बरोबर चालते.

दोष लेन्सचा नव्हता. विकणाऱ्याला कदाचित माहीतही नसेल. दोष माझा. तोफेच्या नळीशी साइट जुळवल्याशिवाय रणगाडा वर्कशॉपच्या बाहेर न सोडणारा मी, घरच्या माणसासमोर न तपासलेली लेन्स घेऊन बसलो, कारण तिच्यावर चांगलं नाव होतं.

आता त्या चौघांचे मुद्दे घेऊ. पहिला मुद्दा, जुन्या सालाचा माल सरासरीने चांगला. असेलही. पण सरासरी ही शंभर नग घेणाऱ्याच्या कामाची. तू एक घेणार आहेस. सरासरी चांगली असलेल्या गावातही तुझ्या वाट्याला कोण येईल ते घरात गेल्यावरच कळतं.

दुसरा मुद्दा, थोडी मऊ, थोडी धूसर, तिला 'कॅरॅक्टर' आहे. सोनार घराण्याला उघड्या छिद्रावर स्वतःची चाल आहे, ते मी मानतो. पण निम्म्या वेळा ज्याला कॅरॅक्टर म्हणतात ते आतल्या काचेवर बसलेलं ग्रीसचं बाष्प असतं, नाहीतर चुकलेला फोकस. टॉर्च मारून बघा, मग कविता करा.

तिसरा मुद्दा, ती गोल फिरणारी पार्श्वभूमी. ती बहुतेकांनी पाहिलेली असते हेलिओस-४४ ची, आणि ती आरसेवाल्या झेनिट कॅमेऱ्याची लेन्स. इथे नवा माणूस हमखास फसतो. जुन्या झेनिटच्या लेन्सचा आटाही एम३९, झोर्की-फेडचाही एम३९. मळसूत्र बेमालूम बसतं, पण झेनिटच्या लेन्सला फिल्मपासून ४५.२ मिमी अंतर लागतं आणि रेंजफाइंडरला २८.८. बसते, पण जुळत नाही.

मग निवडायचं कसं? आधी स्वतःची बॉडी बघा, मग लेन्स. कीवचा कॅमेरा असेल तर त्याची ५० मिमीची लेन्स फोकसचे आटे स्वतःजवळ ठेवत नाही, ते बॉडीत असतात, म्हणून ती दुसरीकडे लावायची तर महाग जोड घ्यावा लागतो. कुणाकडे लायका असेल तर लक्षात ठेवा: लायकाचा रेंजफाइंडर ५१.६ मिमीच्या हिशोबाचा, सोव्हिएत पन्नाशी लेन्स त्झाइसच्या ५२.४ च्या हिशोबाची. लांबवर जुळवली तर जवळ सुमारे तीन सेंटीमीटर चुकते, कितीही चांगला नग असला तरी. बिनआरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावणार असाल तर पडद्यावर डोळ्यांनी फोकस होतो, यातलं बरंच दुखणं संपतं. झोर्की-४ किंवा फेड-२ असेल तर मागचं झाकण पूर्ण निघतं, टेपची परीक्षा घरच्या टेबलावर होते.

पहिली लेन्स म्हणून ज्युपिटर-८ किंवा इंडस्टार-६१. या दोन्ही भरपूर बनल्या, त्यामुळे चार बघून एक घेता येते, आणि खरी निवड तीच. इंडस्टार-६१ मध्ये लँथेनमची काच आहे, एफ २.८ वर ती थोडी चूक पोटात घालते. ३५ हवी तर ज्युपिटर-१२, पण तिची मागची काच एवढी बाहेर आलेली असते की टोपण नसेल तर टेबलावर ठेवू नका.

आणि आपली पोस्टिंग बघा. आसामात काच आधी, कारण एका पावसाळ्यात बुरशीचं जाळं पसरतं. हवाबंद डबा आणि सिलिका जेल नसेल तर लेन्सच घेऊ नका. लडाखमध्ये आटे आधी, कारण जुनं ग्रीस थंडीत गोठतं आणि फोकसची कडी हलत नाही. राजस्थानात फिरवताना कान लावा, कचकच आली तर आत वाळू आहे.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. पहिला रोल माणसांवर घालवू नका. एक मीटरवर वर्तमानपत्र तिरकं लावा, मधल्या ओळीवर फोकस करा, छिद्र पूर्ण उघडा. धुऊन येईपर्यंत थांबा. मधली ओळ स्पष्ट आली तर लेन्स तुमची. नाही आली तर १९५६ असो नाहीतर १९८६, परत करा किंवा दुरुस्त करा. साल दाखवायला असतं, ओळ वाचायला.

आमच्या घरी भिंतीवर आबांचा जो फोटो आहे तो त्या बावीसांतला नाही. आधीच्या सुटीतला आहे, इंडस्टार-५० ने एफ ८ वर काढलेला, बैलांना पाणी दाखवताना. डोळे स्वच्छ दिसतात.

तीच इंडस्टार झोर्कीसकट काल त्या पोराला दिली. वर्तमानपत्राचा रोल आधी काढायचा या अटीवर. पुढच्या महिन्यात त्याची सुटी आहे, घरी आजी आहे त्याची.