कळसदर्शन

रांगेशी माझं वैर जुन्या वाचकांना ठाऊक आहे. रेशनपासून लालबागपर्यंत एकही रांग या सदरातून सुटलेली नाही. पण गेल्या आठवड्यात फ्लॉरेन्सला आम्हाला कुणी रांगेत उभंच केलं नाही, आणि माझं डोकं फिरलं.

टूरच्या छापील कार्यक्रमात ‘डेव्हिड’ होता. पुढे बारीक टायपात ‘बाहेरून’ असं होतं, ते चष्मा बॅगेत राहिल्यामुळे वाचलं गेलं नाही. सकाळी टेकडीवर ब्राँझचा डेव्हिड दाखवला, दुपारी चौकात संगमरवरी. मंडळी फोटो काढून धन्य. मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ खपून घडवलेला अस्सल डेव्हिड १८७३पासून अकादेमिया संग्रहालयात आहे, चौकातला १९१०चा. म्हणजे एका दिवसात दोन डेव्हिड, दोन्ही डुप्लिकेट.

कॅथेड्रलचंही तेच. एवढा अवाढव्य घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून सेंटरिंग न लावता उभा केला. वर जायला ४६३ पायऱ्या. “वेळ नाही, खालूनच बघा,” टूर मॅनेजर म्हणाला. पंढरपुरात गर्दी असली की आपणही कळसाला हात जोडून परततो; पण विठोबाने आधी पूर्ण पैसे घेतलेले नसतात. आणि पुढच्याच वाक्यात त्याने जाहीर केलं, “आता लेदर मार्केटला दोन तास!”

आमची ही एवढा वेळ गप्प होती. हिचं माहेर कोल्हापूर, शिक्षण राजाराम कॉलेजात. तिने टॅक्सीला हात केला आणि ड्रायव्हरला म्हणाली, “काशीने.”

मला वाटलं, उन्हाचा परिणाम. पण आर्नोकाठच्या त्या मोठ्या बागेचं नावच काशीने. इंग्लंडहून परतताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी या शहरात वारले. वय वीस. त्या गावात दहनाची रीत नव्हती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अग्नी दिला गेला. १८७४मध्ये तिथे छत्री उभी राहिली. जवळच्या पुलाला आजही ‘इंडियानो’ म्हणतात.

बागेच्या पार टोकाला छत्रीखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा. डोक्याला पागोटं, अंगावर दागिने, आणि चेहरा अगदी पोरसवदा. बाजूने सायकली चालल्या होत्या, एक बाई कुत्र्याला फिरवत होती. हिने चपला काढल्या. “गाव कुठलं, आणि नाव बघा. काशीने,” एवढंच म्हणाली. मग पर्समधून विमानातली बडीशेपेची पुडी काढली, ठेवू की नको असा विचार केला आणि परत आत टाकली.

बसला पंचवीस मिनिटं उशीर झाला. सगळे घुश्शात. मागच्या सीटवरच्या काकूंना मात्र राहवेना.

“मिळाली का हो पर्स? कितीला पाडली?”