दप्तर कोणाच्या हातीं?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, गेल्या आठवड्यांत आमच्या शाळेंतून शिकून गेलेली एका सुताराची मुलगी पेढे घेऊन आली. पदवी पुरी झाली, आतां ग्रंथालयशास्त्राच्या वर्गास नांव घालणार, म्हणाली. पारावरची पुढारी मंडळी हंसली. "पुस्तकांवरची धूळ झाडायला एवढें शिकायचें?" असें एकानें विचारलेंहि. त्या हंसण्यास हें आमचें उत्तर आहे.

बाबांनो, धूळ तुम्हांस दिसली. दप्तर दिसलें नाहीं. जमीन आपल्या आजानें नांगरली, बैल त्याचे, घाम त्याचा. पण शेत कोणाचें हें कुळकर्ण्याचें दप्तर सांगे, आणि आजा मुकाट्यानें अंगठा उठवून घरीं येई. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं करवीर राज्यांत कुळकर्णी वतनें मोडून पगारी तलाठी नेमले, तें उगाच काय? ज्याच्या हातीं दप्तर त्याच्या हातीं गांव, हें त्यांनीं ओळखलें होतें.

विद्येचेंहि असेंच दप्तर असतें. तें म्हणजे ग्रंथालयाची सूची. पुस्तक कपाटांत आहे पण सूचींत नाहीं, तर तें आडांत पडल्यासारखेंच. पंगतींत कोणाचें पान कोठें मांडावयाचें, हें सूची करणारा ठरवितो. अमेरिकेच्या मेल्व्हिल ड्युईनें १८७६ सालीं सर्व विद्यांचे दहा भाग पाडले. त्यांत धर्माच्या वांट्यास आलेल्या शंभर आकड्यांपैकीं बहुतेक ख्रिस्ती धर्मास दिले, आणि बाकी साऱ्या जगाचे धर्म २९० च्या एका ओळींत दाटीनें बसविले! पुढें मद्रासचे ग्रंथपाल रंगनाथन् यांनीं १९३३ सालीं स्वतःची निराळी पद्धति छापून दाखविली. कप्पे देवानें केलेले नसतात. करणारा हात बदलला कीं कप्पेहि बदलतात.

आम्ही स्वतः एका मोठ्या ग्रंथालयांत सत्यशोधकांचीं जुनीं वर्तमानपत्रें पाहावयास गेलों होतों. सूचींत नांव नाहीं. शिपायास दया आली, त्यानें माळ्यावर नेलें. तेथें गोणपाटांत बांधलेला गठ्ठा, आणि वर चिठ्ठी : 'किरकोळ'. पोटास चिमटा घेऊन आपल्या वाडवडिलांनीं छापलेले शब्द किरकोळ! जोतीरावांनीं 'तृतीय रत्न' हें नाटक १८५५ सालीं लिहिलें. तें छापून निघालें १९७९ सालीं. एकशें चोवीस वर्षें! लिहिणारा आपला असून भागत नाहीं. जपणारा व शोधणाराहि आपला लागतो.

अजून पटत नसेल तर २०२३ साल आठवा. सरकारनें कुणबी नोंदी शोधावयास समिति नेमली, जुनीं दप्तरें उघडलीं, आणि मोडी वाचणाऱ्यांची टंचाई पडली. आरक्षणाचा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. पण आपल्याच पणजाचें नांव वाचावयास दुसऱ्याचे डोळे उसने आणावे लागले, याची लाज कोणास वाटली काय?

कोणी म्हणेल, "मास्तर, पोट भरतें का त्यांत?" खोटें सांगणार नाहीं. १९६७ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, तरी गांवच्या अनुदानी वाचनालयांत ग्रंथपालाच्या हातीं पडतें तें मानधन लाजिरवाणें आहे. म्हणून मुलांना तेथेंच थांबवूं नका. पदवीनंतर एका वर्षांत ग्रंथालयशास्त्राची पदवी, आणखी एका वर्षांत वरची पदवी, मग नेट किंवा पीएच. डी. : ही वाट महाविद्यालयाच्या व विद्यापीठाच्या ग्रंथपालपदाकडे आणि संशोधनाकडे जाते. आणि मत मागावयास जो येईल त्यास विचारा : रिकाम्या जागा कधीं भरणार? मानधन कधीं वाढविणार?

तोंवर घरचें काम घरीं करा. माळ्यावरचीं जुनीं कागदपत्रें, वह्या, अंक रद्दीवाल्यास घालूं नका. कोरडे करून कापडांत बांधा, आणि कोणाचें, कोठलें, कधींचें, तें चिठ्ठीवर लिहा. झाली सूचीस सुरुवात!

आणि ती सुताराची पोर? तिच्या बापानें गांवाला कपाटें करून दिलीं. आंत काय ठेवावयाचें आणि कोठें, तें आतां ती ठरवील. पारावरच्या मंडळींनीं हंसणें पुरें करून तिच्या पहिल्या वर्षाची फी गोळा करावी. आमची वर्गणी आम्ही आजच देत आहों.