विजेतीचे मनोगत आणि आमचे बहिरेपण

मराठीत रोज छापला जाणारा, रोज वाचला जाणारा आणि तरीही समीक्षेने दखल घेण्याच्या लायकीचा न मानलेला एक गद्यप्रकार आहे. त्याला 'विजेत्याची प्रतिक्रिया' असे म्हणतात. वृत्तपत्राच्या क्रीडापानावर, छायाचित्राखाली, चौकटीत तो सापडतो. त्याची घडण ठरलेली असते. पहिल्या वाक्यात स्वप्न साकार होते, दुसऱ्यात मेहनतीचे चीज होते आणि तिसऱ्यात आईवडील, प्रशिक्षक व देशवासी यांचे आभार मानले जातात. खेळाडू हैदराबादची असो, बार्शीची असो वा बेलग्रेडची. मुष्टियोद्धा असो वा बुद्धिबळपटू. चौकटीतला मजकूर तोच. नाव तेवढे बदलायचे. हे मनोगत खेळाडूचे नसते, ते चौकटीचे असते, असे आमचे म्हणणे आहे. ज्या भाषेत आत्मकथनांवर इतके प्रबंध लिहिले गेले, इतकी चर्चासत्रे झाली, त्या भाषेतील साहित्याच्या अध्यापकांना या चौकटीविषयी काहीच वाटू नये, याची आम्हांला लाज वाटते.

उदाहरण घेऊनच बोलू. २६ ऑक्टोबर २०१४, रविवार. भाऊबीज होऊन एक दिवस उलटला होता. सिंगापूरला महिला टेनिसच्या हंगामाचा समारोप करणाऱ्या डब्ल्यूटीए फायनल्स या स्पर्धेत सानिया मिर्झा आणि झिम्बाब्वेच्या कारा ब्लॅक यांनी दुहेरीच्या अंतिम सामन्यात शिए सु-वै आणि पेंग श्वाय या गतविजेत्या जोडीला ६-१, ६-० असे हरवले. वर्षभर ज्यांनी सर्वाधिक गुण कमावले त्या आठच जोड्यांना या स्पर्धेत प्रवेश होता. मिर्झा यांची ही या स्पर्धेतली पहिलीच खेप होती, आणि ब्लॅक यांच्याबरोबरच्या जोडीचा शेवट याच स्पर्धेने व्हायचा हेही आधीच ठरले होते. म्हणजे जिंकणे आणि निरोप घेणे एकाच तासाभरात उरकले. एखाद्या कथालेखकाला एवढी सामग्री पुरली असती. आमच्या चौकटीला मात्र ती सामग्री दिसली नाही. तिला स्वप्नपूर्ती दिसली.

त्या वर्षात याआधी काय घडले होते, तेही पाहावे. जुलै महिन्यात नव्याने स्थापन झालेल्या तेलंगण राज्याने मिर्झा यांना आपल्या सदिच्छादूत म्हणून नेमले. त्यावर तेथील एका आमदाराने त्यांना 'पाकिस्तानची सून' म्हटले. मग सत्तावीस वर्षांच्या त्या बाईंना एक निवेदन काढावे लागले. आपण भारतीय आहोत आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत भारतीयच राहू. आपला जन्म मुंबईत झाला, कारण प्रसूतीच्या वेळी आईची प्रकृती गंभीर होती आणि तिला तज्ज्ञांच्या रुग्णालयाची गरज होती. आपण तीन आठवड्यांच्या असताना हैदराबादला आणले गेलो. आपले पूर्वज शंभराहून अधिक वर्षे हैदराबादेत राहत आले आहेत, असा त्याचा आशय होता. आईच्या बाळंतपणाचा तपशील नागरिकत्वाचा पुरावा म्हणून सादर करावा लागणे, हा आत्मकथनाचा कोणता प्रकार आहे, हे आमच्या आत्मचरित्रमीमांसकांनी सांगावे. त्यानंतर सप्टेंबरअखेरीस इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धा आल्या. तेथे साकेत मायनेनी यांच्यासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण आणि बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे यांच्यासह महिला दुहेरीचे कांस्य घेऊन मिर्झा सिंगापूरला पोहोचल्या. अशा वर्षाच्या शेवटी हातात करंडक असलेल्या बाईला आपण विचारतो काय, तर 'कसे वाटते?' आणि उत्तराची वाट न पाहता तिच्या वतीने लिहितो काय, तर 'खूप आनंद झाला.'

हंगामाखेरच्या विजेतेपदाचे एक वेगळेपण आहे, आणि साहित्याच्या माणसाला तर ते चटकन भावायला हवे. विम्बल्डनसारख्या स्पर्धेत एकदा हरले की सामान बांधायचे. तेथे विजेता म्हणजे एकदाही न हरलेला. हंगामाखेरच्या स्पर्धेत एकेरीचे खेळाडू आधी गटात खेळतात, त्यामुळे हरलेला खेळाडूही पुढे विजेता होऊ शकतो. त्याच आठवड्यात, त्याच सिंगापुरात सेरेना विल्यम्स यांना गटातील सामन्यात सिमोना हालेप यांनी ०-६, २-६ असे अक्षरशः धुऊन काढले होते. रविवारी त्याच दोघी पुन्हा समोरासमोर आल्या आणि विल्यम्स ६-३, ६-० अशा जिंकल्या. ज्या विजयाच्या पोटात इतक्या ताज्या अपमानाची आठवण आहे, त्याविषयी बोलणाऱ्या माणसाची भाषा एकरंगी असणे शक्य तरी आहे काय? हा वर्षाचा हिशेब असतो. लक्ष्मीपूजनाला वही उघडावी तसा. त्यात जमेइतकीच नावेची बाजू असते. आमच्या क्रीडापानाला मात्र जमेचे आकडे तेवढे वाचता येतात.

बॅडमिंटनच्या बाबतीतही तेच. १६ डिसेंबर २०१८ रोजी ग्वांगझू येथे पी. व्ही. सिंधू यांनी नोझोमी ओकुहारा यांना २१-१९, २१-१७ असे हरवून वर्षअखेरीची वर्ल्ड टूर फायनल्स जिंकली. ही स्पर्धा जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. जिंकल्यावर त्या जे बोलल्या त्यात एक बारीकसा काटा होता : तुम्ही अंतिम सामन्यात का हरता, हे आता मला कोणी विचारणार नाही, अशा अर्थाचे ते बोलणे होते. आनंदाच्या क्षणी माणसाला प्रश्नकर्त्यांपासूनची सुटका आठवते! या एका वाक्यावर एक तास शिकवता येईल. आमच्याकडे त्याचे 'टीकाकारांना चोख उत्तर' झाले.

आता नावांकडे येऊ, कारण नावे ठेवणे हे समीक्षकांचे आणि वार्ताहरांचे समान कौशल्य आहे. पुरुष खेळाडू आडनावाने जिंकतो, बाई पहिल्या नावाने. फेडरर जिंकतो, नदाल जिंकतो. पण जिंकते ती सानिया, जिंकते ती सायना. याच क्रीडापानाने 'टेनिससुंदरी' हा शब्द वर्षानुवर्षे विनासंकोच चालवला. 'टेनिससुंदर' हा शब्द कोणाला सुचल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सायना नेहवाल यांना 'फुलराणी' केले गेले ते तर आणखी मौजेचे. बॅडमिंटनच्या फुलावरून सुचलेली कोटी म्हणून ती ठीक असेल. पण मराठी वाचकाच्या मनात हा शब्द बालकवींकडून येतो आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मधून येतो. त्या नाटकाचा विषय काय? एका फुले विकणाऱ्या मुलीची बोली एक भाषापंडित मोडतो आणि तिच्या तोंडी आपली भाषा बसवतो. ज्या वार्ताहराने हे नाव पहिल्यांदा वापरले त्याला हे अभिप्रेत नसणार. तरीही आपल्या धंद्याचे इतके नेमके वर्णन त्याच्या हातून होऊन गेले, हे मान्य करावे लागेल.

मराठीत चांगले क्रीडालेखन झालेच नाही असे आम्ही म्हणत नाही. वि. वि. करमरकर यांनी 'महाराष्ट्र टाइम्स'चे क्रीडापान घडवले आणि खेळाकडे, त्यातील अर्थकारणाकडे व राजकारणाकडे पाहायला वाचकांना शिकवले. पण त्या परंपरेने प्रामुख्याने खेळाविषयी लिहिले. खेळणाऱ्याच्या बोलण्याकडे एक संहिता म्हणून पाहणे हे काम वार्ताहराचे नव्हते, आमचे होते.

जुईनगरला आम्ही काही शिक्षक आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी, हार्बरच्या व ठाण्याच्या गाड्यांचे वेळापत्रक सांभाळून, महिन्यातून एकदा जमतो. तेथे हा विषय काढताच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो निकालात काढला. 'खेळाडूंची पुस्तके खेळाडू लिहीत नाहीत,' ते म्हणाले. मिर्झा यांचे 'एस अगेन्स्ट ऑड्स' हे २०१६ साली आले ते वडील इम्रान मिर्झा आणि शिवानी गुप्ता यांच्या साहाय्याने. सचिन तेंडुलकर यांच्या २०१४ सालच्या आत्मचरित्रावर बोरिया मजुमदार यांचेही नाव आहे. दुसऱ्याने लिहिलेल्या आत्मचरित्राचा अभ्यास तो काय करायचा?

हा युक्तिवाद करणारे आमचे सहकारी वर्गात 'सांगत्ये ऐका' शिकवतात आणि भरल्या गळ्याने शिकवतात. १९७० साली पुस्तकरूपाने आलेले हंसा वाडकरांचे ते आत्मकथन अरुण साधू यांनी शब्दबद्ध केले, हे त्यांना ठाऊक नाही असे नाही. बहिणाबाई चौधरी यांच्या ओव्या ऐकून टिपून ठेवणारे सोपानदेव आणि पितांबर चौधरी होते. लिहिणारा हात दुसऱ्याचा म्हणून त्या कवितेचे श्रेय कोणी काढून घेतले नाही. मग टेनिसपटूलाच हा वेगळा न्याय का? आंद्रे आगासी यांनी १९९० साली फ्रँकफुर्टला हंगामाखेरचे विजेतेपद पटकावले होते. त्यांचे 'ओपन' हे २००९ सालचे आत्मचरित्र जे. आर. मोरिंगर यांनी लिहिले आणि स्वतःचे नाव मुखपृष्ठावर नको म्हणून सांगितले. त्या पुस्तकात आगासी आपल्याला टेनिसचा तिटकारा असल्याचे सांगतात, आणि जिंकण्याचे सुख हरण्याच्या दुःखाइतके खोल नसते हेही सांगतात. ही कबुली देण्यासाठी त्यांना दुसऱ्याचा हात लागला. त्याने ती खोटी ठरत नाही.

शिवाय 'हे शब्द नक्की कोणाचे?' हा प्रश्न खेळाडूंच्या बाबतीत निव्वळ पांडित्याचा राहिलेला नाही. सिंगापूरच्या त्या अंतिम सामन्यात हरलेल्या पेंग श्वाय यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये चीनच्या एका माजी उपपंतप्रधानांवर लैंगिक बळजबरीचा आरोप करणारा मजकूर समाजमाध्यमावर लिहिला. तो काही वेळातच नाहीसा झाला आणि काही काळ त्याही दिसेनाशा झाल्या. मग त्यांच्या नावाने एक पत्र चिनी सरकारी माध्यमाने प्रसिद्ध केले : आरोप खरा नाही, मी घरी विश्रांती घेत आहे. ते पत्र त्यांनीच लिहिले असेल यावर विश्वास ठेवणे कठीण आहे, असे महिला टेनिस संघटनेच्या प्रमुखांनी जाहीरपणे म्हटले, आणि डिसेंबरात संघटनेने चीनमधील आपल्या स्पर्धा थांबवल्या. २०२३ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, हेही नोंदवून ठेवू. एका मजकुरातला आवाज खरा की उसना, हे ओळखण्यावर एका स्त्रीची सुरक्षितता अवलंबून होती. शैली, निवेदक, संहितेची विश्वसनीयता हे शब्द आम्ही वर्गात फळ्यावर लिहितो. ते जेथे खरोखर लागले तेथे एक क्रीडा-प्रशासक ते वापरत होता.

दुसरा आक्षेप असा की मिर्झा 'आपल्या' नव्हेत. इंग्रजीत बोलतात, हैदराबादच्या आहेत, मराठीच्या अभ्यासकाला त्यांचे काय? जुलै २०१६ मध्ये आत्मचरित्राच्या निमित्ताने झालेल्या मुलाखतीत राजदीप सरदेसाई यांनी त्यांना स्थिरस्थावर कधी होणार, मातृत्वाचे काय, असे विचारले. दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर असलेल्या बाईला हा प्रश्न! मिर्झा यांनी शांतपणे त्याच्या चिंधड्या केल्या. सरदेसाई यांनी तेथल्या तेथे क्षमा मागितली आणि पुरुष खेळाडूला आपण हे विचारले नसते असेही कबूल केले. दिलीप सरदेसाईंच्या घरात वाढलेल्या माणसाला ते उमगले, हे बरे झाले. हा प्रश्न कोणत्या भाषेतला होता? आमच्या मते तो मराठीतलाच होता; त्या दिवशी इंग्रजीत विचारला गेला एवढेच.

आणि 'आपल्या' म्हणाल, तर आपल्यांचे तरी आम्ही काय केले? शंकर पांडुरंग पंडित हे नाव तुकारामगाथेच्या संपादनामुळे मराठीच्या प्रत्येक अध्यापकाला माहीत असते. त्यांची कन्या पंडिता क्षमा राव यांनी 'सत्याग्रहगीता' लिहिली, संस्कृतात तुकाराम, रामदास आणि ज्ञानेश्वर यांची चरित्रे रचली आणि 'शंकरजीवनाख्यान' या काव्यात वडिलांचे आयुष्य सांगितले. याच क्षमाबाई मुंबईच्या टेनिस स्पर्धांतून खेळत आणि जिंकत. त्यांची कन्या लीला राव १९३४ साली विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकली; तसे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुढे तिनेही संस्कृतात नाटके लिहिली. एकाच घरात तीन पिढ्यांत गाथेचे संपादन, महाकाव्य आणि विम्बल्डन! वाङ्मयाच्या इतिहासात आजोबा येतात, आई ओझरती येते. आईची रॅकेट येत नाही आणि लेक तर येतच नाही. क्रीडेच्या इतिहासात लेक एका ओळीत येते आणि तिचे संस्कृत गळते. ही वाटणी कोणी केली? वार्ताहरांनी नव्हे.

बार्शीच्या प्रार्थना ठोंबरे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मिर्झा यांच्यासह खेळल्या आणि पहिल्याच फेरीत तीन सेटपर्यंत झुंजून हरल्या. समोरच्या जोडीत पेंग श्वाय होत्या. पुण्याच्या ऋतुजा भोसले यांनी २०२३ साली हांगझोऊला रोहन बोपण्णा यांच्यासह मिश्र दुहेरीचे आशियाई सुवर्ण जिंकले. पहिला सेट २-६ असा गमावून. या दोघींचे बोलणे मराठीत आहे, सोलापूर-पुण्याच्या मराठीत आहे. ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्यासमोर बसावे, स्वप्न आणि मेहनत हे दोन शब्द वर्ज्य करावेत, आणि गमावलेल्या सेटपासून विचारायला सुरुवात करावी. पदव्युत्तर वर्गाच्या एका प्रकल्पाला यापरते काय हवे? मार्गदर्शक म्हणून सही करणारा अध्यापक तेवढा लागेल. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना आम्ही पुढल्या बैठकीत तो अर्ज देणार आहोत.