हिवाळ्यातील केळी वाहतूक : थंडीची इजा आणि जबाबदारीचा प्रश्न

नाशवंत मालाच्या वाहतुकीला हिवाळा अनुकूल असतो, हा समज शेतकरी, व्यापारी आणि वाहतूकदार या तिघांमध्येही रुजलेला आहे. द्राक्षे किंवा कोबी यांच्याबाबतीत तो बराचसा खरा आहे; शून्य अंशाच्या आसपासचे तापमान त्यांच्या साठवणीस मानवते. केळीच्या बाबतीत मात्र हाच समज नुकसानीचे मूळ ठरतो.

केळी हे उष्ण कटिबंधातील पीक आहे. कच्च्या केळीच्या साठवणीस व वाहतुकीस १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. त्याखाली तापमान जितके उतरते आणि जितका वेळ तसे राहते, तितकी फळाला होणारी शीतइजा वाढते. त्यासाठी फळ गोठावेच लागते असे नाही. सालीखालील वाहिन्या तपकिरी पडतात, पिकल्यावर तेजस्वी पिवळ्याऐवजी राखाडी, मळकट रंग येतो आणि फळ एकसारखे पिकत नाही. एकदा झालेली ही इजा नंतर ऊब देऊन भरून निघत नाही.

रावेर, सावदा परिसरातून दिल्लीकडे निघालेला माल हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तर भारतात रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांखाली असतो आणि धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास अडकतात. तरीही गाडीतून उतरवताना केळी बहुधा हिरवीगार आणि निर्दोष दिसते. दोष प्रकट होतो तो काही दिवसांनी, पिकवणी केंद्रात. तोवर वाहतूकदार परतलेला असतो, व्यापारी मालाच्या प्रतीकडे बोट दाखवतो आणि शेतकऱ्याच्या हाती कोणताच पुरावा नसतो. बांधावर विक्री करणाऱ्यालाही यातून सुटका नाही, कारण व्यापारी संभाव्य तूट हिशेबात धरूनच भाव ठरवतो.

म्हणूनच हिवाळ्यातील केळीच्या प्रत्येक गाडीत तापमान नोंदवणारा डेटा लॉगर असणे ही सौद्याची अट व्हायला हवी. हे यंत्र पुन्हापुन्हा वापरता येते. शेतकरी उत्पादक कंपन्या किंवा गट ते सामायिक खरेदी करू शकतात. खर्चाचा आक्षेप घेणाऱ्यांनी एका नाकारलेल्या गाडीची किंमत विचारात घ्यावी. अर्थात, नोंदीला न्याय्य आधार हवा. खानदेशातही काही रात्री तापमान १० अंशांखाली जाते, त्यामुळे बागेतच इजा झालेली असू शकते. काढणीपूर्वीच्या रात्रींचे किमान तापमान शेतकऱ्यानेही प्रामाणिकपणे नोंदवले, तरच गाडीतील नोंदीचा अर्थ लावता येईल.

यंत्र पुरावा देईल. संरक्षण मात्र माणसांनाच करावे लागेल. साध्या ट्रकच्या तळाला व बाजूंना पेंढ्याचा थर, वरून नीट बांधलेली ताडपत्री, रात्री उघड्यावर मुक्काम टाळणे आणि पोहोचताच माल उतरवणे हे उपाय आवाक्यातील आहेत. परंतु गाडी पूर्णपणे कोंडणेही घातक आहे. फळ श्वसन करते, उष्णता व इथिलीन सोडते. हवा खेळती नसेल तर माल वाटेतच पिकू लागतो. रीफर वाहन थंड करण्यापुरतेच असते, हाही गैरसमज आहे. बाहेर कडाका असताना ते आतील हवा ऊबदार राखू शकते. मात्र त्याचे तापमान १३ ते १४ अंशांवर ठेवले आहे की नाही, हे माल भरण्यापूर्वीच तपासले पाहिजे.

‘शीतसाखळी’ या शब्दामुळे केवळ उष्णतेपासूनच्या संरक्षणाचा बोध होतो. केळीसाठी खालची मर्यादाही वरच्या मर्यादेइतकीच महत्त्वाची आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी थंडी सुरू होण्यापूर्वीच, नोव्हेंबरच्या बैठकांमध्ये, काढणी व प्रतवारीबरोबर हा विषय घ्यावा आणि उत्पादक, व्यापारी व वाहतूकदार यांना एकत्र बसवून तापमानाची अट लेखी ठरवून घ्यावी. जबाबदारी कोणाची, हा वाद माल निघण्यापूर्वी मिटला, तरच पिकवणी केंद्रातील नुकसानीचा भार एकट्या शेतकऱ्यावर पडणार नाही.