डॉक्टरला न सांगितलेलं मित्राला सांगता येतं

"लग्न झालंय का?" अविवाहित वाटणारा तरुण समोर बसला की आम्ही डॉक्टर हे विचारतो. तो "नाही" म्हणाला की पुढचे प्रश्न संपतात. त्याचे संबंध पुरुषांशी असतील, तर तो तिथेच गप्प होतो आणि एचआयव्हीची तपासणी राहून जाते.

म्हणून "समलिंगी मुलांनाच या कामाला कशाला नेमायचं? डॉक्टर आहेत की!" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. खोबरेल तेलाने कंडोम फाटू शकतो, पाण्याचा आधार असलेलं वंगण वापरायचं, हे आमच्यापैकी किती जण सांगतात? त्यांच्यातलाच पीअर एज्युकेटर सांगतो. सरकारी तपासणी केंद्रात सोबत येऊन रांगेतही उभा राहतो.

ही पद्धत नवी नाही. मुंबईत १९९४ साली हमसफर ट्रस्ट याच समाजातल्या लोकांनी उभा केला. नॅकोच्या कार्यक्रमातही असे पीअर एज्युकेटर आहेत. त्याची किंमतही त्यांनी मोजली आहे. लखनौमध्ये जुलै २००१ मध्ये अशा कार्यकर्त्यांना कलम ३७७ लावून सुमारे दीड महिना तुरुंगात ठेवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. आमच्या दवाखान्यातला संकोच काही पुसला गेला नाही.

आपल्या नाशिकचंच बघा. कॉलेजसाठी, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेली मुलं खोली घेऊन राहतात. आता ओळखी मोबाईलवरच्या ॲपवर होतात. तिथे मी कसा पोचणार? (पोचलो तरी माझ्याशी बोलेल कोण!) समजा, रात्री अकरा वाजता कंडोम फाटला. संसर्ग टाळणारी पीईपीची औषधं जितक्या लवकर तितकी बरी, फार तर ७२ तासांत सुरू व्हावी लागतात, आणि पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. कुणाला विचारू, या घालमेलीतच दोन दिवस जातात. त्या रात्री फोन उचलणारा मित्र हवा.

त्या मित्राला आपण तुटपुंजं मानधन देतो आणि वर ते वेळेवर मिळावं म्हणून त्यालाच हेलपाटे घालायला लावतो. माझ्या मते ते आरोग्य कर्मचाऱ्याच्या पगाराइतकं असावं, कारण काम तेच आहे.

तुम्ही स्वतः अशा संबंधात असाल तर तपासणी मोफत आहे, नाव गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे. जवळचं केंद्र १०९७ वर विचारा, मोफत फोन आहे. डॉक्टरने लग्नाचं विचारलं, तर "माझे संबंध पुरुषांशी आहेत, एचआयव्ही तपासायचंय" एवढं म्हणा. दचकले तर दचकू द्या.