सिल्वानर : ‘ड्राय’ या शब्दाचा खरा अर्थ

जर्मनीची व्हाइट वाइन गोडच असते, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः तेथे अत्यल्प साखरेची, म्हणजेच ‘ड्राय’ वाइनही विपुल तयार होते. बव्हेरियाच्या उत्तरेकडील फ्रँकोनिया प्रदेशातील सिल्वानर ही त्यांपैकी एक. या द्राक्षाची लागवड १६५९ साली तेथील कास्टेल गावी झाल्याची नोंद आहे. या प्रदेशातील अनेक वाइन चपट्या, गोल पोटाच्या ‘बॉक्सबॉयटेल’ बाटलीत भरल्या जातात.

या मळ्यांचे रुग्णसेवेशी जुने नाते आहे. व्यूर्त्सबुर्ग येथे १५७६ साली बिशप युलियुस एश्टर यांनी गरीब, आजारी व निराधार लोकांसाठी युलियुसश्पिटाल हे रुग्णालय स्थापिले. संस्थेच्या खर्चासाठी तिला जमिनी व द्राक्षमळे जोडून दिलेले होते. आजही ही संस्था वृद्धांच्या निवासाची व्यवस्था पाहते आणि स्वतःच्या मळ्यातील वाइनही बनविते.

सिल्वानरचा आंबटपणा रीस्लिंगच्या मानाने मवाळ असल्याने ती साध्या, सौम्य पदार्थांवर मात करीत नाही. वसंतात तेथे पांढरे ॲस्परॅगस येते. ते आपल्या शतावरीच्याच कुळातले. ते उकडून लोणी व बटाट्यांसह वाढतात. त्याच्या किंचित कडसर चवीला रेड वाइनचा तुरटपणा मानवत नाही. सिल्वानर मात्र जुळते. हा हंगाम परंपरेने २४ जूनला संपतो. माइन नदीकाठी पिठात घोळवून तळलेल्या लहान माशांसोबतही ही वाइन घेतात. तळलेल्या मासळीवर आपण लिंबू पिळतो त्यामागचे कारण येथेही लागू पडते : आंबटपणामुळे तेलकटपणा कमी जाणवतो.

आता आरोग्याचा विचार. बाटलीवर ‘ट्रोकन’ असे लिहिलेले असल्यास साखर सामान्यतः लिटरमागे ४ ग्रॅमपर्यंत असते. आंबटपणा पुरेसा असल्यास ९ ग्रॅमपर्यंत चालते. मधुमेही वाचकांना हा आकडा दिलासा देणारा वाटेल. परंतु येथेच फसगत होते. द्राक्षातील साखर आंबवताना तिचे अल्कोहोल होते, म्हणूनच वाइन ‘ड्राय’ ठरते. १२ टक्के अल्कोहोलच्या वाइनच्या १०० मिलिलीटरमध्ये साधारण साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असते.

उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते; त्यामुळे तेवढ्याच पेल्याने रक्तातील अल्कोहोल अधिक वाढते, तोल जातो आणि पडण्याचा धोका बळावतो. यकृत अल्कोहोलच्या निचऱ्यात गुंतले की रक्तात साखर सोडण्याचे त्याचे काम मंदावते. म्हणून इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर काही तासांनी, कधी मध्यरात्री, धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. झोपेच्या गोळ्या आणि रक्त पातळ करणारी औषधे यांच्यासोबतही अल्कोहोल घातक ठरू शकते. जर्मनीच्याच पोषणविषयक संस्थेने २०२४ साली अल्कोहोल टाळणेच उत्तम, अशी भूमिका घेतली आहे.

मुलांकडे परदेशी गेलेल्या आई-वडिलांपुढे पाहुणचार म्हणून पेला येतो, तेव्हा आग्रह करू नये आणि नकाराची थट्टाही करू नये. ज्यांना घ्यावयाचीच असेल त्यांनी आपल्या औषधांची यादी आधी डॉक्टरांना दाखवावी. डॉक्टरांनी अनुमती दिल्यास प्रमाण अल्प ठेवावे, ती जेवणासोबतच घ्यावी, सोबत पाणी असावे आणि त्या रात्री कोणीतरी जवळ असावे.

वाइनऐवजी द्राक्षाचा रस देण्याची प्रथा आहे. मात्र त्याच्या १०० मिलिलीटरमध्ये सुमारे १५ ग्रॅम साखर असते. मधुमेहींना त्याहून सोड्यात पिळलेले लिंबू बरे, साखर न घालता. लोण्यातल्या ॲस्परॅगसला हवी असलेली आंबट जोड त्यानेही मिळते, आणि जेवणाच्या पंगतीत वडीलधाऱ्यांचे स्थान तसेच राहते.