टाके निघाले म्हणजे बरा झाला नव्हे

११ जुलै २०२५ रोजी मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यावर अविनाश साबळे पडला. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला मांडवा गावचा हा मुलगा, लष्करात गेला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला. गुडघ्याचा एसीएल हा लिगामेंट फाटला, आतली गादीही दुखावली. मुंबईत ऑपरेशन झालं आणि सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हातची गेली.

तेव्हापासून जो तो विचारतो, परत कधी पळणार? आमच्या पिंपळगाव रेणुकाईत कबड्डी खेळताना एखाद्याचा गुडघा गेला तरी हाच प्रश्न असतो. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. पाय कितपत तयार झाला, हे विचारायला हवं.

एसीएल बहुधा शिवत नाहीत. मांडीमागची किंवा वाटीखालची शीर घेऊन त्या जागी नवी बसवतात. ही शीर हाडात रुजायला आणि लिगामेंटसारखी बळकट व्हायला कित्येक महिने लागतात. दुखणं मात्र त्याच्या खूप आधी थांबतं. घोटाळा इथेच होतो. दोन-तीन महिन्यांत पोरगा नीट चालायला लागतो, जिना चढतो, मोटारसायकलला किक मारतो. घरचे म्हणतात, अल्लाहचं करम, बरा झाला. आणि मिरचीचा हंगाम असला की पोती उचलायलाही त्यालाच हाक जाते. खरं तर निदान नऊ महिने वळणं, उड्या आणि झटापटीचा खेळ नको, असं आज बहुतेक तज्ज्ञ सांगतात. नऊ महिने झाले तरी दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली का, एका पायावरच्या उड्या सारख्या पडतात का, हे मोजूनच सोडायचं असतं. तरण्या खेळाडूंमध्ये पुन्हा फाटण्याचा धोका सर्वांत जास्त, कारण धीर त्यांनाच सर्वांत कमी.

नीरज चोप्राच्या कोपराचं ऑपरेशन मे २०१९ मध्ये मुंबईतच झालं होतं. ऑक्टोबरमध्ये रांचीच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरायला तो तयार होता, पण महासंघाने थांबवलं. जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याने ८७.८६ मीटर भाला फेकला आणि टोकियो ऑलिम्पिकची पात्रता मिळवली. त्याला 'आत्ता नको' म्हणणारं कुणीतरी होतं. आमच्याकडे तसं म्हणणारा कोण? उलट पोलीस भरतीची वयोमर्यादा डोक्यावर, सोळाशे मीटरची धाव समोर, आणि गावातला प्रत्येक जण मालिशवाल्याचा पत्ता देतो.

ऑपरेशनसाठी पैसे उभे राहतात. मामू देतात, चाचा देतात, जमातीतले लोक हात लावतात. पण आठवड्यातून दोनदा भोकरदन किंवा जालन्याला फिजिओकडे जायचं भाडं कोण देणार? ते कुणाला खर्चच वाटत नाही. माझं म्हणणं साधं आहे. वर्गणी काढताना तिचा एक हिस्सा पहिल्या दिवसापासून पुढच्या महिन्यांच्या व्यायामासाठी बाजूला ठेवा. दर महिन्याला ग्रामीण भागात येऊन बसणारा फिजिओ जिल्हा क्रीडा यंत्रणेकडे मागा.

मशिदीत गुडघ्याचा पेशंट खुर्चीवर बसून नमाज पढतो, त्याला कुणी हटकत नाही. आजाऱ्याचा रोजा नंतर पुरा करायची सवलत आहे, त्यावरही कुणी बोलत नाही. मग मैदानाच्या कडेला बसलेल्या पोराला 'घाबरला का रे?' असं का विचारतो आपण?

मुलींचं तर वेगळंच. मुलग्याला घाईने मैदानात ढकलतात, तिला ऑपरेशननंतर कायमची घरी बसवतात. तीच नऊ महिन्यांची सबब पुढे करून शाळेची खो-खो सुटते आणि मग लग्नाचीच बोलणी निघतात. तिच्या डॉक्टरांनी 'खेळू नको' म्हटलेलं नसतं, 'अजून नको' म्हटलेलं असतं. त्या चिठ्ठीवर पुढच्या तपासणीची तारीखही असते. त्या तारखेला तिला घेऊन जा.